पौष ते शिमगा, कर्लीच्या खाडीत गरवताना

कोकणात मासेमारीचा विषय निघाला की लोक एकतर नारळी पौर्णिमेबद्दल बोलतात नाहीतर ट्रॉलर आणि पर्ससीनबद्दल. पण गरीने, म्हणजे तंगूस (नायलॉनची दोरी), गळ आणि जिवंत आमिष एवढ्यावर खाडीत मासा धरायचा सगळ्यात चांगला काळ संक्रांतीनंतर सुरू होतो आणि शिमग्यापर्यंत चालतो, त्याबद्दल मात्र फारसं कोणी लिहीत नाही. यंदा मी वर्क फ्रॉम होम घेऊन जानेवारीत आजोळी, मालवणजवळच्या देवबागला आले ती होळी करूनच पुण्याला परतले, आणि या सगळ्या काळात जमेल तेव्हा मामाबरोबर होडीत होते. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत गरवलेलं होतं, पण थंडी उतरताना खाडी कशी बदलत जाते हे पहिल्यांदाच नीट बघितलं. त्यातून जे कळलं ते एवढंच की या दिवसांत खार, म्हणजे समुद्राचं खारं पाणी, जिथवर चढलेली असते तिथवर मासा चढलेला असतो, तेव्हा आधी खार कुठे आहे ते बघायचं आणि मग गरी टाकायची.

देवबाग ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी, जी शेवटी संगमावर संपते आणि पलीकडे भोगवे दिसतं. नदी कुडाळकडून येते. पावसात तिला एवढं पाणी असतं की गढूळ गोडं पाणी पार संगमाच्या बाहेर समुद्रात जातं, आणि खाऱ्या पाण्यातले मासे तोंडाशी नाहीतर बाहेर थांबतात. दिवाळीनंतर प्रवाह बारीक होत जातो, वरच्या गावांतून व्हाळांवर, म्हणजे ओढ्यांवर, बंधारे पडतात, मग प्रत्येक भरतीबरोबर समुद्राचं पाणी थोडं थोडं आत घुसायला लागतं. हे एका दिवसात होत नाही, उधाणाला पुढे सरकतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरत्यांना, थबकतं, परत उधाणाला अजून पुढे. फेब्रुवारी-मार्चपर्यंत ते नेरूरपारच्या पुलापर्यंत पोचतं. त्याच्याबरोबर सुंगटां, म्हणजे कोळंबी, चढतात, सुंगटांमागे बोय आणि बारीकसारीक मासे, आणि त्यांच्यामागे तांबोशी आणि जिताडा.

डिसेंबरच्या सुट्टीत जे हौशी लोक महागडे रॉड घेऊन येतात आणि संगमावर उभं राहून लूर, म्हणजे नकली आमिष, फेकतात त्यांना काही मिळतं काही नाही, पण फेब्रुवारीतही ते त्याच जागेवर उभे असतात याचं मला वाईट वाटतं, कारण तोवर चांगला मासा बराच वर गेलेला असतो.

पौषात आम्हीही संगमावरच होतो म्हणा. तेव्हा तिथेच मजा असते. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, चांगला गार, माडावरून दंव टपटपतं, आणि पाणी इतकं स्वच्छ असतं की वाळूवर चालणारी कुर्ली दिसते. या वेळी मासा म्हणजे मुडदुशे. मुडदुशाला जाळ्याची चाहूल लागली की तो वाळूत घुसतो, जाळं वरून निघून जातं, म्हणून त्याला गरीच बरी. बारीक गळ, सोललेल्या सुंगटाचा नखाएवढा तुकडा, आणि शिसं एवढंच की आमिष वाळूवर हळूहळू घरंगळत राहील. सुकती, म्हणजे ओहोटी, संपून भरतीचं पहिलं पाणी वाळूच्या पट्टीवर चढायला लागलं की तो त्या पाण्याच्या कडेने खायला येतो, गुडघाभर पाण्यात. तंगसावर बोट ठेवून बसायचं, टक टक असे दोन हलके ठोके येतात, दुसऱ्यावर उचलायचं. मामा रीळ वापरत नाही, लाकडी पट्टीला गुंडाळलेला तंगूस हातानेच सोडतो आणि हातानेच ओढतो. मी माझा रॉड वापरला, दोन्हीने मासा सारखाच लागतो. फरक पडतो तो मोठा मासा लागल्यावर, ते पुढे सांगते.

सकाळी समुद्राच्या बाजूला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असले तर आम्ही तिकडे हात लावायला जायचो. दोरीला हात लावला की वाटा मिळतो, ही पद्धत अजून चालू आहे. वाट्यात आलेले तारले आणि पेडवे घरी जेवणाला, उरलेले शेंगाळ्याच्या आमिषाला. अमावास्येच्या आसपास रात्री समुद्रात ती निळी चमक असली की मात्र मामा गरी टाकतच नाही, कारण पाण्यात तंगूस हलला की सगळा तंगूस उजळतो आणि मासा लांबूनच वळतो.

वेळेचं गणित पंचांगावर. आता मोबाईलवर भरती-ओहोटीची ॲप आहेत, मीही बघते, पण मामाचा हिशोब तिथीचा आणि तो तोंडी आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पाणी भरलेलं. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. पंचमीला पावणेचार. पाच-पंधरा मिनिटं इकडेतिकडे होतात, खाडीत जेवढं आत जाऊ तेवढी भरती उशिरा पोचते ते वेगळं धरायचं, नेरूरपारला तर चांगलाच उशीर होतो. मुंबईला उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, आमच्याकडे साधारण दोन मीटर, तरी खाडीच्या अरुंद जागी ओढ एवढी असते की हलकं शिसं तळाला बसत नाही.

आता खार कशी बघायची ते. मी सुरुवातीला ओंजळीत पाणी घेऊन चव घ्यायची, ते बघून मामा म्हणाला, "गे बाय, वरचा पाणी गोडा आसा, मासो खाली ऱ्हवता. बाटली सोड." बाटली म्हणजे साधी काचेची बाटली, गळ्याला दोरी, बुडाला दगड बांधलेला आणि तोंडात बूच, बुचाला वेगळी बारीक दोरी. बाटली तळाला टेकली की बुचाची दोरी ओढायची, बुडबुडे येतात, भरली की वर घ्यायची. खारं पाणी जड म्हणून ते नदीच्या तळाने आत सरकतं, गोडं पाणी हलकं म्हणून त्याच्या वरून समुद्राकडे जातं. जानेवारीच्या शेवटी खाडीच्या मधल्या भागात आम्ही हे केलं तेव्हा वरचं पाणी जवळजवळ पिण्यासारखं लागत होतं, आणि दोन वाव, म्हणजे साधारण बारा फूट, खालचं घशाशी खवखवेल इतकं खारट. एकाच जागी, एकाच वेळी. त्यानंतर मी वरवर तरंगणारी लूर तिथे वापरायचीच बंद केली, तळाशी आमिष. पुढे फाल्गुनात वरचं आणि खालचं पाणी जवळजवळ सारखं झालं, कारण नदीचा जोर उरलाच नव्हता, तेव्हा मासा वरही उठायला लागला आणि लूर चालायला लागली.

झाडंही सांगतात, पण ती वर्षभराचं सांगतात. तोंडाजवळ पांढरी चिपी, जिला २०२० मध्ये राज्याचं कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं, तिची शंकूसारखी वर आलेली मुळं ओहोटीला सगळीकडे टोचतात. वर वर जावं तसं दाट कांदळ विरळ होतं आणि काठाला काटेरी पानांची मारांडी लागते, माघात तिला निळी फुलं यायला सुरुवात होते. तिथून पुढे गोड्या पाण्याचं राज्य जास्त काळ असतं एवढं समजायचं, आज खार कुठे आहे ते बाटलीच सांगणार.

आणि मामी. मामी आणि वाडीतल्या बायका सुकतीला खाडीत तिसरे, म्हणजे शिंपल्या, काढायला जातात, मांडीभर पाण्यात पायाने चाचपून, टोपली कमरेला बांधून तरंगती. मी एकदा तिच्याबरोबर गेले होते, आणि घरी आल्यावर तिसऱ्यांचं सुकं करताना मी मीठ टाकायला गेले तर म्हणाली, "मीठ आता बघान घाल गो, खार वर इली आसा." तिसऱ्या आपल्या शिंपल्यात जे पाणी धरून असतात ते त्या जागेच्या पाण्याइतकंच खारट असतं, त्यामुळे त्याच पट्टीवरचे तिसरे पौषात शिजवले तर मीठ लागतं, आणि माघ संपता संपता शिंपल्यातून सुटलेल्या पाण्यानेच भाजी खारट होते. मामाची बाटली आणि मामीचं भांडं दोन्ही एकच सांगत होती, आणि मामी तर कधी गरी हातात घेत नाही. मला हे फार आवडलं. यातल्या काही पट्ट्या आता उरलेल्या नाहीत, वाळू काढणाऱ्यांनी रात्री ड्रेझर लावून त्या उपसल्या, जिथे मांडीभर पाणी होतं तिथे आता पुरुषभर आहे. वाळूबरोबर तिसरे गेले, मुडदुशांची जागा गेली आणि काठाचे माड कलले. हे थांबलं पाहिजे, आणि तक्रार करणाऱ्या गावकऱ्यांना ऐकून घेतलं पाहिजे, कारण खाडीचा तळ एकदा खरवडला की तो परत भरायला किती पावसाळे लागतील कोणालाच सांगता येत नाही.

माघात आम्ही खाडीच्या मधल्या भागात, कांदळाच्या काठाने. इथे मासा म्हणजे तांबोशी. पिल्लं कांदळाच्या मुळांत वाढतात आणि मोठी झाली की बाहेर खोल समुद्रात जातात, म्हणजे खाडीत मिळते ती वयाने तरुण तांबोशी, पण ताकद विचारू नका. मुळांच्या सावलीत बसून असते, समोरून सुंगट गेलं की झेप घेते आणि त्याच वेगाने परत मुळात. इथे लागतं जिवंत सुंगट. ते ओवायचीही रीत आहे, डोक्याच्या वर जे करवतीसारखं शिंग असतं त्याच्या बुडाशी, आरपार दिसणाऱ्या कवचातून आत एक काळा ठिपका दिसतो, तो चुकवून त्याच्या पुढून गळ काढायचा. ठिपक्याला लागलं की सुंगट मेलं. नीट ओवलं तर अर्धा तास आपल्या पायांनी पोहत राहतं, आणि मासा त्यालाच येतो. मी सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेले गळ, वापरले, कारण ते बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात बसतात, मासा गिळून बसत नाही, लहान असेल तर धड सोडता येतो. त्यात एकच पथ्य, झटका द्यायचा नाही. मामा मागून सांगायचा, "ओढू नको गे, तो आपोआप अडाकतलो." रॉड वाकला की नुसतं रीळ फिरवायला घ्यायचं.

वेळ दुपारची. पहाटे उठून जायची सवय सगळ्यांना, पण माघातल्या गार रात्रीनंतर उथळ खाडीचं पाणी सकाळी थंड असतं आणि तांबोशी-जिताडा सुस्त पडून असतात. दहा-साडेदहानंतर उन्हाने चिखलाची पट्टी तापते, त्यावर भरतीचं पाणी चढतं, ते पाणी कोमट होतं आणि मग मासा हलतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारकडे येते म्हणून ते दिवस सोयीचे. आंब्याला मोहोर, काठावरच्या काजूंना बोंडं धरायला लागलेली, आणि आम्ही भर उन्हात होडी कांदळाला लावून बसलेलो, बाकीचं गाव जेवून झोपलेलं.

माझी सगळ्यात चांगली तांबोशी अशीच दुपारी लागली. वीस पाऊंडाची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, पुढे गळाजवळ चाळीस पाऊंडाचा जाड लीडर, कारण मुळांवर कालवं चिकटलेली असतात आणि ती ब्लेडसारखी कापतात. रॉड एकदम पाण्यापर्यंत गेला. मामा आधीच सांगून ठेवत असे, "पयलो धक्को थांबवलंस तर मासो तुझो, नायतर कांदळाचो." ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, जवळजवळ लॉक केलेला, मी अंगठ्याने रिळाचा स्पूल दाबून धरला, रॉडचं बूड पोटाला, आणि मामाने त्याच क्षणी वल्ह्याने होडी मागे ढकलली, म्हणजे मासा मुळांकडे ओढतोय आणि आम्ही सगळेच उलट दिशेला. तीन-चार सेकंदांचा खेळ असतो हा, त्यात मासा उघड्या पाण्यात आला की पुढे तो तुमचाच. वर आली तेव्हा अंगावर तांब्यासारखा लाल-तपकिरी रंग, खवल्यांच्या कडा उन्हात लख्ख. हाताच्या पट्टीवर असे मासे मामाने आयुष्यभर काढलेत, त्याच्या बोटांच्या आतल्या बाजूला त्या तंगसाचे वळ कायमचे आहेत. रॉडचा फायदा मला इथेच दिसला, पहिला धक्का रॉड वाकून झेलतो, हातावर तो सगळा हातच झेलतो.

शेंगाळे मधेमधे लागत राहतात. त्यांच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या काट्यांना विष असतं, पक्कड नेहमी जवळ ठेवा. काटा लागलाच तर सहन होईल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, उष्णतेने ते विष निकामी होतं, गावात सगळे हेच करतात. आणि एखाद्या शेंगाळ्याच्या तोंडात गोळ्यांएवढी अंडी दिसली तर तो नर असतो, अंडी तोंडात सांभाळतो, पिल्लं बाहेर येईपर्यंत धड खातही नाही. असा मासा लगेच पाण्यात सोडावा.

आंगणेवाडीची जत्रा झाली, मुंबईकर चाकरमानी आले-गेले, थंडी पळाली आणि आम्ही नेरूरपारच्या पुलाकडे सरकलो. आता जिताडा, गोव्यातले लोक ज्याला चोणक म्हणतात तो. पाणी तापलेलं असल्यामुळे वेळ उलटी झाली, दुपारी मासा खोल जातो आणि रात्री किंवा पहाटे खातो. फाल्गुनात शुद्ध एकादशीच्या आसपासचे दिवस आम्ही धरले, संध्याकाळनंतर भरती आणि वर चांगलं चांदणं. चांदण्यात पुलाची आणि खांबांची सावली पाण्यावर पडते, जिताडा त्या सावलीच्या आतल्या कडेला तोंड बाहेर करून थांबतो आणि उजेडातून वाहत येणारं सुंगट किंवा छोटी बोय ओढून घेतो. ओढून म्हणजे खरंच, तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट आत, त्याचा भक्क असा मोठा आवाज होतो, रात्री लांबपर्यंत ऐकू येतो. बॅटरी मारली तर डोळे लालगुलाबी चमकतात, पण बॅटरी मारायची नाही, मासा निघून जातो. गरी उजेडात टाकायची आणि प्रवाहाबरोबर सावलीत जाऊ द्यायची, एवढंच कौशल्य, आणि ते यायला वेळ लागतो कारण ओढ दर अर्ध्या तासाने बदलते. लागला की पहिल्यांदा उडी मारतो, डोकं हलवून गळ झटकायला बघतो, तेव्हा रॉडचं टोक खाली पाण्याकडे न्यायचं. होडीत घेताना कल्ल्यात हात घालायचा नाही, कल्ल्याची झाकणं धारदार असतात, खालचा जबडा धरायचा.

इथे मामाशी माझा वाद झाला आणि तो नीट सांगितला पाहिजे. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे खाडीतले सगळ्यात मोठे जिताडे बहुतेक माद्याच, आणि पावसाच्या तोंडाला त्या खाडीच्या मुखाशी जाऊन लाखो अंडी घालतात. मोठा मासा काढला की नेमकी तीच जाते. मी म्हटलं मोठे सोडूया, मधले ठेवूया. मामाचं म्हणणं, लहान सोड म्हणतात ते समजतं, सरकारनेही बऱ्याच जातींच्या कमीत कमी आकाराचे नियम केलेत, पण मोठा मासा हाच तर चार पैसे देतो, तो सोडायचा तर होडीचा खर्च कोण देणार. हे खोटं नाही. मी गरवते ते हौसेने, त्याच्या घरात त्यावर चूल पेटते, आणि माझ्यासारख्या पाहुणीने त्याला शिकवावं असं मला वाटत नाही. पण तो स्वतःच म्हणत होता की त्याच्या वडिलांच्या वेळचे मासे आता दिसत नाहीत.

शेवटी ठरलं ते असं की माझ्या रॉडला लागलेला मोठा जिताडा मी सोडणार, त्याच्या गरीला लागला तर निर्णय त्याचा, आणि शिमग्यानंतर, जेव्हा माद्यांच्या पोटात अंडी धरायला लागतात, तेव्हापासून दोघांनीही मोठा ठेवायचा नाही. होळीच्या आदल्या रात्री पुलाखाली मला एक लागला, जबडा धरून मी त्याला प्रवाहाच्या उलट दिशेला तोंड करून पाण्यात धरून ठेवलं, कल्ले नीट हलायला लागेपर्यंत, आणि सोडला. मामाने माघात विकलेल्या जिताड्यांच्या पैशातून नव्या जाळ्याचं सामान आलंय, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. शिमग्यानंतर त्याने पुलाखाली जाणं बंद केलं असं मामी फोनवर सांगत होती, आता दुपारचा वारा वाढलाय आणि तो संगमावर बांगड्याच्या मागे आहे.